पासिंगचे दिवस

जालन्यात लोखंड मरत नाही. एमआयडीसीतल्या भट्ट्यांमध्ये रात्रंदिवस भंगार पडतं, वितळतं, त्याचे बिलेट होतात, बिलेटच्या सळया होतात आणि त्या कुठल्या कुठल्या गावांच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात. मोडक्या सायकली, पाणी न लागलेल्या बोअरचे केसिंग, कुठल्याशा बंद कारखान्याची छपराची कैची, बंदरातून कंटेनरने आलेलं परदेशी भंगार आणि अर्थातच गाड्या. पोलाद वितळायला साधारण १,५०० अंश सेल्सिअस लागतात. तेवढ्या तापात नांगराचा फाळ कोणता आणि मोटारीचं दार कोणतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. अशा गावात जुनी पिकअप बाळगली की चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी विचारतंच, "काय मग, किलोवर कधी घालताय?"

प्रश्न चेष्टेत विचारलेला असतो, पण हिशेब चेष्टेतला नसतो. रिकामी पिकअप दीड टनाच्या पुढे भरते. भंगारवाला हौद्याकडे पाहत नाही, इंजिनाचा आवाज ऐकत नाही. तो सरळ वजनकाट्याचा रस्ता दाखवतो.

मी मस्तगडात राहतो. आज ही जालन्यातली एक वस्ती आहे, पण नाव किल्ल्याचं आहे. पहिल्या निजामाच्या, म्हणजे आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने १७२० च्या दशकात ही गढी बांधली. चौकोनी, कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज, आतल्या दरवाजावर फारसी लेख, आणि आत एक थोरली विहीर, जिच्या पोटात दालनं काढलेली. गॅझेटिअर लिहिणाऱ्यांनी हे सगळं नोंदवलं आणि पुढे कोरडेपणाने सांगून टाकलं की आता इथे नगरपालिकेची कार्यालयं आहेत. मला ती नोंद फार आवडते. महाराष्ट्रात कितीतरी गढ्या नुसत्या मातीचे ढीग होऊन पडल्या आहेत. ज्या वास्तूत माणसं दाखले मागायला, कर भरायला, भांडायला येतात, तिच्या गळक्या छपराची निदान तक्रार तरी होते. रिकाम्या बुरुजाची कोण करणार?

आमची पिकअप २००७ ची. एमएच २१, पिवळ्या पाटीवर काळे आकडे. वडिलांनी भाड्याच्या धंद्यासाठी घेतली, पुढे बागेच्या कामाला लागली आणि आता दोन्ही करते. तिच्यात जे इंजिन आहे त्याचा मला थोडा अभिमान आहे. २,५२३ सीसीचं, चार सिलिंडरचं, डीआय डिझेल. बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६. हे आकडे असे तिरपागडे का, म्हणून मी एकदा ते इंचात करून पाहिले, तर बरोब्बर साडेतीन आणि चार निघाले. म्हणजे मोजमाप जुन्या काळातलं. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या ट्रॅक्टरांच्या घराण्यातलं हे इंजिन. महिंद्राने १९६३ मध्ये त्या कंपनीबरोबर भारतात ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली आणि तिथली रक्ताची ओळख पुढे जीप-पिकअपपर्यंत चालत आली. तेव्हा ही गाडी शेतात घातली की बिचकत नाही यात नवल नाही. समृद्धी महामार्गावर तिला नेणं मात्र मी टाळतो. तिथे शेजारून जाणाऱ्या गाड्यांचा वेग आणि तापलेलं काँक्रीट, दोन्ही तिच्या टायरांच्या स्वभावाचं नाही.

आमचे मिस्तरी तिला ऐकून तपासतात. बॉनेट उघडायच्या आधी ते दोन मिनिटं नुसते उभे राहतात. मग ऑइलचं झाकण सैल करून त्यातून धूर किती येतो ते बघतात. रिंगा झिजल्या असल्या की तिथून वाफेचे भपकारे येतात आणि इंजिन ‘बॅक मारतंय’ असं ते म्हणतात. सायलेन्सरचा धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर आधी एअर फिल्टर, मग नोझल. पांढरा असेल आणि गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल, तर पाणी कुठे जातंय ते शोधायला लागायचं. एवढी विद्या त्यांना कुणी वर्गात शिकवली नाही. डिझेल पंपाला ते अजून ‘मायको’च म्हणतात, मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, ही बातमी त्यांच्या गॅरेजपर्यंत पोचली असेल, पण तिचा काही उपयोग झालेला नाही.

"इंजन को कुछ नहीं होता, भैया," ते दर वर्षी सांगतात. "पत्रा जाएगा पहले."

आणि तसंच झालं आहे. मराठवाड्यात पाऊस कमी, म्हणून लोखंड टिकावं असं वाटतं. पण आमच्या हौद्यात खत असतं. युरिया, पोटॅश, सुपर फॉस्फेट. पोतं कुठेतरी उसवतं, दाणे पत्र्याच्या घडीत अडकतात, हवेतली ओल ओढून घेतात आणि तिथून पत्रा पापुद्र्यांनी सुटायला लागतो. हौद्याचा तळ दोनदा बदलला. फाळक्याच्या बिजागऱ्या नव्या. स्प्रिंगच्या पाट्यांची एक पट्टी तुटली तेव्हा पाटेवाल्याने ‘दोन जादा टाकतो, वजन कितीही घाला’ असं सुचवलं होतं. ते मी नाकारलं. पाटे वाढवले म्हणून ब्रेक वाढत नाहीत, आणि चेसीस तर तेवढीच राहते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा कायद्यातला दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० आहे. मोसंबीच्या एका खेपेत तेवढं सुटत नाही.

गाडी रस्त्यावर चालते तशी कागदावरही चालते, आणि जुनी झाली की या दोन्ही गाड्या एकमेकींपासून लांब जायला लागतात. रस्त्यावरची गाडी ठणठणीत, पण विम्याची तारीख उलटलेली. किंवा कागद सगळे हिरवे आणि हँडब्रेक नुसता शोभेला. जुनी गाडी सांभाळायची म्हणजे खरं काम या दोघींना हाताला धरून बरोबर चालवायचं.

खासगी मोटारवाल्याला हे कळणार नाही. त्याची नोंदणी पहिली १५ वर्षं गप्प असते, मग ५-५ वर्षांनी नवी करायची. पिवळ्या पाटीवाल्याचं तसं नाही. मालवाहू गाडीचं पासिंग, म्हणजे तंदुरुस्तीची तपासणी, पहिली ८ वर्षं दोन वर्षांतून एकदा, त्यानंतर दर वर्षी. ८ वर्षं झाली की महाराष्ट्रात पर्यावरण कर सुरू होतो. एवढ्या जुन्या गाडीची पीयूसी सहा महिन्यांचीच मिळते. तृतीय पक्ष विमा, साडेसात टनांपर्यंतच्या भाड्याच्या मालवाहू गाडीला, २०२२ च्या दरांप्रमाणे वर्षाला १६,०४९ रुपये. गाडीची किंमत दर वर्षी उतरते, हा हप्ता उतरत नाही. आणि ते बरोबरच आहे, कारण हा विमा गाडीचा नसून तिच्यासमोर येणाऱ्याचा आहे. जुनी गाडी काही कमी जोरात धडकत नाही. एवढ्या सगळ्यात एक दिलासा म्हणजे एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. पिकअप नावाची वस्तू खेड्यापाड्यांत एवढी का पसरली, याचं अर्धं उत्तर या सवलतीत असावं असं मला वाटतं. आता परवान्याचा घोळही मिटला आहे: साध्या मोटारीचा परवाना असलेल्याला साडेसात टनांपर्यंतची मालगाडी चालवता येते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

पासिंगच्या आधीचे तीन-चार दिवस घरात लगीनघाई असते. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, वायपर, हॉर्न, नंबरपाटीवरचा दिवा, रिव्हर्सचा दिवा. रिफ्लेक्टर पट्ट्या: पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, मागे लाल. प्रथमोपचाराची पेटी, ज्यातला कापूस आम्ही कधीतरी निरांजनाच्या वातीला वापरलेला असतो. बायको म्हणते, घराचं रंगकाम या गाडीएवढं नियमित झालं असतं तर बरं होतं. हे खरं आहे, पण घराला कुणी दर वर्षी तपासत नाही.

यातलं मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे चेसीस नंबर उठवणं. चाकाच्या आतल्या बाजूला, चेसीसच्या लांब पट्टीवर, १७ अक्षरं-आकडे ठोकलेले असतात. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण घाईत ती एक आणि शून्यासारखी वाचली जातात. एरवी वर्षभर त्यावर चिखल आणि ग्रीस यांचा थर चढलेला असतो. तो आधी लाकडाच्या चपटीने खरवडायचा. मग डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी. मग तारेचा ब्रश, तोही हलक्या हाताने, कारण गंज काढण्याच्या भरात आकड्याची कडच निघून गेली तर गाडी जिवंत असून बेवारस. नंबर पुसट झाला तर आपल्या मनाने पुन्हा ठोकता येत नाही, त्याला परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. जागा स्वच्छ झाली की पातळ कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायची. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून असेच घासायचो. एकेक अक्षर राखाडी ढगातून वर येतं. इंजिनाचे भाग बदलले, हौदा बदलला, दारं बदलली, सीटचं रेक्झिन तर किती वेळा; या गाडीत मूळचं म्हणावं असं काय उरलंय, या प्रश्नाचं सरकारी उत्तर तो कागदाचा तुकडा आहे. मला ते उत्तर पटतं. गाडीखाली उताणं पडून, डोळ्यात माती पडत असताना, हा नंबर नीट उठला की एक वेगळंच समाधान मिळतं. मी त्यातला एक जास्तीचा ठसा काढून ठेवतो. कशासाठी, ते विचारू नये.

मग तपासणी. पूर्वी निरीक्षक साहेब गाडीभोवती एक फेरी मारायचे, ब्रेक बघितल्यासारखं करायचे आणि काम उरकायचं, असं जुने ड्रायव्हर सांगतात. मग एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने कान उपटले आणि ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक असल्याशिवाय पासिंग नको, असं राज्यभर झालं. त्या वेळी गाडीवाल्यांनी पुष्कळ आरडाओरडा केला. मी त्या ट्रॅकच्या बाजूने आहे. वेग धरायचा, खूण आली की पायडल दाबायचं आणि गाडी सरळ रेषेत थांबते की एका बाजूला ओढते ते बघायचं. ओढली तर एका चाकाचे लायनर ऑइलने माखलेत, किंवा लाइनमध्ये हवा आहे. हे कुठल्याही भाषणापेक्षा स्वच्छ आहे. आता यंत्रावरची तपासणी येऊ घातली आहे: रोलरवर चाकं फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजायचा, दिव्यांचा झोत पडद्यावर पाहायचा. एजंट लोक त्याने हवालदिल झालेत. यंत्राला चहा चालत नाही.

ब्रेकबद्दल मी असा हळवा का, त्याला कारण आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. ज्याला शक्य होतं त्याने विकतचं पाणी घालून झाडं जगवली. पिकअपच्या हौद्यात हजार लिटरची काळी टाकी दोरखंडाने आवळून आम्हीही तेच केलं. हजार लिटर म्हणजे एक टन. कागदावरच्या मर्यादेत बसणारं, तक्रार करायला जागा नाही. पण पाणी म्हणजे खताचं पोतं नव्हे. टाकी गच्च भरलेली असली तर ते मुकाट बसतं. निम्मी रिकामी झाली की ब्रेक मारल्यावर गाडी थांबते आणि पाणी थांबत नाही. ते मागून येऊन केबिनला धक्का देतं आणि थांबलेली गाडी हातभर पुढे सरकते. त्या उन्हाळ्यात मी गाडी चालवायला खऱ्या अर्थाने शिकलो. बागेतली काही झाडं गेली, बरीच वाचली. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या मानांकनाच्या कागदात टाकीतल्या पाण्याचा उल्लेख नसणार, पण या भागातल्या पुष्कळ बागांच्या मुळांशी ते आहे.

धुराचं काय, हा प्रश्न राहतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. २००७ ची जालन्यातली डिझेल गाडी म्हणजे बीएस-२. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ आल्या, त्यांच्या धुराशी हिची तुलनाच नको. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, आपण अॅक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबायचा, तो पडद्यावरचा आकडा बघतो. जुन्या डिझेलला ६५ हार्ट्रिज एककांपर्यंत मुभा आहे. हा आकडा उदार आहे, असं माझं मत. नोझल वेळेवर तपासलेली असली आणि एअर फिल्टर धुळीने चोंदलेला नसला तर आमची ही म्हातारी त्याच्या पुष्कळ खाली राहते. जी गाडी ६५ च्या काठावर लटकते, तिच्या मालकाने काही महिने हात लावलेला नसतो, एवढंच त्यातून कळतं.

दिल्लीत मात्र वेगळी तऱ्हा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर नकोत म्हटलं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. दिल्लीची हवा पाहता त्यांचा नाइलाज समजू शकतो. आपल्याकडे सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून मोडीत काढायला लागल्या; बाकीच्यांना वयाची सक्ती नाही, मात्र एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या गाड्यांच्या तपासणीचं शुल्क असं वाढलं की माणसाने आपणच कंटाळावं. गाडी अधिकृत केंद्रात मोडीत दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या मालगाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. पण सूट मिळायला आधी नवी गाडी घ्यायला लागते, आणि नवी पिकअप नऊ-दहा लाखांच्या घरात गेली आहे. त्या हप्त्यांचं गणित मोसंबीच्या भावावर कुणी बसवून दाखवावं. शिवाय नवीन इंजिनाचं दुखणं लॅपटॉप लावल्याशिवाय कळत नाही. आमचे मिस्तरी त्यापुढे हात जोडतात. म्हणून माझं म्हणणं साधं आहे: ब्रेक तपासा, धूर तपासा, दिवे तपासा, पाहिजे तर वर्षातून दोनदा तपासा, आणि नापास झाली तर खुशाल रस्त्यावरून उचला. जन्मसालावरून निकाल देऊ नका. पाच वर्षांची, चार मालक झालेली, पाटे वाढवलेली गाडी माझ्या पिकअपपेक्षा जास्त घातक असते आणि तिला कुणी अडवत नाही.

नव्या नंबरपाट्यांचंही आम्ही केलं. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना त्या बसवायच्या होत्या. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. मुदत वाढत वाढत गेली, तरी मी रांगेत लवकर उभा राहिलो. आमची जुनी पाटी गावातल्या पेंटरने हाताने रंगवली होती, आकड्यांना बारीक लाल सावली देऊन. नव्या पाटीवर चकाकणारं अशोकचक्र आहे, चोराला ती काढता येत नाही, कॅमेऱ्याला वाचता येते, आणि तिच्यात कसलाही जीव नाही. मागच्या फाळक्यावरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ २०१५ मध्ये राज्य सरकारने बंद केलं तेव्हाच पुसलं होतं. उगाच कानठळ्या बसवायचं ते आमंत्रण होतं, गेलं ते बरंच झालं. त्या जागी वडिलांनी बागेचं नाव लिहून घेतलं आणि ते मी दर वर्षी नव्याने गिरवून घेतो. खंडेनवमीला घरोघर हत्यारं-अवजारं पुजली जातात. आमच्याकडे त्या दिवशी चौरंगावर पाने, जॅक आणि टॉमी असतात, आणि दारात झेंडूची माळ घातलेली पिकअप. हळद-कुंकवाचे टिळे पुढच्या नव्या पाटीवरही लागतात. ते मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पुसायला लागतात, कारण पाटी झाकलेली दिसली तर दंड आहे.

त्या पूजेनंतर लगेच सोयाबीनची, कापसाची वाहतूक सुरू होते आणि अंबड, मंठा, भोकरदन अशा सगळ्या रस्त्यांवर रात्रीची गर्दी वाढते. या मोसमात भरलेल्या पिकअप आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधारात मागून दिसत नाहीत, म्हणून माणसं त्यांच्यावर येऊन आदळतात. तेव्हा तुमची गाडी नवी असो वा जुनी, आज संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा आणि ब्रेक दाबा. दोन्ही बाजूंचे लाल दिवे लागले पाहिजेत. रिफ्लेक्टरवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. बल्ब गेला असेल तर तो कोपऱ्यावरच्या कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो, आणि चहा-नाश्त्यापेक्षा महाग नसतो.